आणखी किती मिस्सा मागू, फादर?

प्रश्न :

आदरणीय फादर,

आमचे हे २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. वय ५२. सोनचाफा आणि मोगरा घेऊन रोज पहाटे टेम्पोने दादरच्या फुलबाजारात जायचे. नऊ दिवस दवाखान्यात होते. आम्हांला कोणालाच आत सोडलं नाही, फादरांनाही नाही. पापं कबूल करून क्षमा घेण्याचा प्रायश्चित्त संस्कार नाही, आजाऱ्याला तेल लावण्याचा रुग्णाभ्यंग नाही, ख्रिस्तप्रसाद नाही. शेवटचं पाणीसुद्धा मी त्यांच्या तोंडात घालू शकले नाही. एका नर्सने स्वतःच्या फोनवरून एकदा बोलणं करून दिलं. मास्कमधून काय बोलले ते नीट कळलं नाही. ‘बावखल’ एवढा एकच शब्द कळला. पुढे दहन झालं. अस्थी मिळाल्या त्या सासऱ्यांच्या कबरीत ठेवल्या.

त्या बावखलावरूनच, म्हणजे आमच्या गोड्या पाण्याच्या तळ्यावरूनच, यांचं आणि मोठ्या दिरांचं भांडण होतं. दिरांना ते बुजवून बांधकाम करायचं होतं, हे नाही म्हणत होते. प्रकरण अजून कोर्टात आहे. दीर रविवारी पहिल्या मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, येतात म्हणून यांनी देवळात जाणंच सोडलं. सहा वर्षं गेले नाहीत, नाताळलाही नाही. मी बोलले की म्हणायचे, तो जिथे गुडघे टेकतो तिथे मला प्रार्थना येत नाही. फक्त पहाटे नाक्यावरच्या क्रुसापाशी टेम्पो थांबवायचे, चाफ्याचं एक फूल ठेवायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि जायचे. तेवढाच काय तो धर्म उरला होता. अस्थी ठेवल्या त्या दिवशी दीर रस्त्यापलीकडे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

ते गेल्यापासून मी वहीत लिहून ठेवते. आजवर यांच्या आत्म्यासाठी ४१ मिस्सा झाल्या. मागच्या महिन्यात शेजारच्या बाईंनी मोबाईलवर एक मजकूर पाठवला. कुणा बाईला म्हणे शुद्धिस्थानातले, म्हणजे मेल्यावर शुद्ध होण्यासाठी थांबलेले, आत्मे दिसतात, आणि रविवारची मिस्सा चुकवणारे ४० वर्षं आगीत राहतात. तेव्हापासून झोप नाही. हे स्वप्नात येतात आणि पाणी मागतात. सलग ३० मिस्सा झाल्या की आत्मा सुटतो असं ऐकलं, म्हणून बचत गटातून दहा हजार उचलायचं मनात आहे. फादर, ते अजून तिथेच असतील का? दहन केलं म्हणून काही अडलं असेल का? आणखी किती मिस्सा मागू?

— एक भगिनी, वसई

उत्तर :

प्रिय भगिनी,

आधी पैशाचं. बचत गटातून एक रुपयाही उचलू नका. कर्ज काढून मिस्सा मागा असं ख्रिस्तसभा कोणालाही सांगत नाही. उलट आम्हां धर्मगुरूंना तिच्या कायद्यातच सांगितलं आहे की गरिबांकडून काही मिळालं नाही तरी त्यांच्या हेतूसाठी मिस्सा अर्पण करावी, आणि मिस्सेच्या पैशात व्यापाराचा नुसता भासही येऊ देऊ नये. तुमच्या धर्मग्रामातल्या फादरांना परिस्थिती सांगा. तोंडाने सांगायचा संकोच वाटला तर हे पान त्यांच्यापुढे ठेवा.

आता ‘ते अजून तिथेच असतील का’. माझ्या लहानपणी आमच्या घरी, जिथे बसून आम्ही तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचो त्या भिंतीवर, कार्मेल माऊलीचं, म्हणजे पवित्र मरियेचं, चित्र होतं. वर माऊली आणि बाळ, खाली ज्वाळा, आणि ज्वाळांत कमरेपर्यंत बुडालेली माणसं. मी त्या खालच्या भागाकडे बघतच नसे. आजोबा गेले त्या वर्षी तर मी पाठ फिरवूनच बसायचो, त्यांचा चेहरा त्या माणसांत दिसेल या भीतीने. पुढे सेमिनरीतून सुट्टीला आलो तेव्हा ते चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. खालच्या प्रत्येकाचे हात जोडलेले होते. प्रत्येकाचं तोंड वर होतं. कोणी पळत नव्हतं, कोणी दुसऱ्याला ढकलत नव्हतं. नरकाचं चित्र काढणारा माणूस असे जोडलेले हात काढत नाही.

हीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे, आणि ती आम्ही प्रवचनांतून पुरेशी सांगितली नाही याचं मला दुःख आहे. शुद्धिस्थानात फक्त तारण झालेलीच माणसं असतात. १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात हे स्वच्छ शब्दांत आहे: देवाच्या कृपेत आणि मैत्रीत मरण पावलेल्या, पण अजून पुरते शुद्ध न झालेल्या माणसाचं तारण निश्चित झालेलं असतं. उरते ती शुद्धी. नरकातल्या शिक्षेशी तिचा काही संबंध नाही, हेही तिथेच लगोलग सांगितलं आहे. म्हणजे तुमचे यजमान शुद्धिस्थानात असतील, तर ते हरवलेले नाहीत. घरच्या वाटेवर आहेत.

आणि ते ‘ठिकाण’ आहे असंही धरून चालू नका. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ४ ऑगस्ट १९९९ च्या प्रवचनात सांगितलं की शुद्धिस्थान म्हणजे जागा नव्हे, अवस्था. पोप बेनेडिक्ट सोळावे २००७ मध्ये म्हणाले की काही धर्मपंडितांच्या मते तो अग्नी म्हणजे ख्रिस्तच, त्याची समोरासमोर होणारी भेट. ती भेट जाळते, जाळता जाळता माणसाला त्याच्या खऱ्या रूपात आणते, आणि तिचा काळ आपल्या घड्याळाने मोजता येत नाही. मग ४० वर्षं कुठल्या कॅलेंडरवर मोजली? तो मजकूर पुसून टाका. खाजगी साक्षात्कारांवर विश्वास ठेवायचं बंधन कोणाही ख्रिस्ती माणसावर नाही. डिसेंबर १५६३ मध्ये ख्रिस्तसभेच्या ट्रेंट इथल्या परिषदेने शुद्धिस्थानाची शिकवण पक्की केली, त्याच हुकुमात बिशपांना बजावलं की साध्या लोकांपुढे असल्या अवघड, कुतूहल चाळवणाऱ्या गोष्टी काढू नका. जिथे अंधश्रद्धेचा किंवा पैशाच्या लोभाचा वास येतो ते थांबवा. साडेचारशे वर्षांपूर्वीचा तो इशारा तुमच्या शेजारणीच्या मोबाईलपर्यंत पोचलेला नाही. त्यांना दोष देऊ नका. त्याही घाबरल्या असतील.

तुमच्यासारख्याच एका विवाहित बाईची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. जेनोआची संत कॅथरिन, जन्म १४४७. नवरा जुगारी आणि बाहेरख्याली होता, पुढे बदलला आणि तिच्यासोबत दवाखान्यात रुग्णसेवा करू लागला. तिने प्लेगची साथ पाहिली, असे दवाखाने पाहिले जिथे माणसं नातेवाइकांवाचून मरत होती. तीच म्हणते की स्वर्गातला आनंद सोडला तर शुद्धिस्थानातल्या आत्म्यांच्या आनंदाइतका दुसरा आनंद नाही. वेदना आहे, पण ती आतून येते, ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याजवळ अजून पुरतं पोचता येत नाही याची. तिच्याकडून हे ऐकताना मला धीर येतो, कारण तिने मृत्यू लांबून पाहिलेला नाही.

आता संस्कारांचं. त्याच एप्रिलमध्ये मीही एका दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभा होतो. खिशात अभिषेकाच्या तेलाची छोटी बाटली होती. आमच्या धर्मग्रामातला एक तरुण तिसऱ्या मजल्यावर होता. मी विनंती केली, पीपीई किट घालतो म्हणालो. सोडलं नाही. दीड तास उन्हात थांबलो, मग समोरच्या सगळ्या खिडक्यांकडे हात करून पापक्षमेचे शब्द म्हटले आणि परत आलो. कुठल्या खिडकीआड तो होता ते मला आजही माहीत नाही. त्याच्या आईला काय सांगायचं हे मला परतीच्या वाटेवर सुचत नव्हतं, म्हणून तुमचं पत्र माझ्यासाठी नुसतं पत्र नाही.

जे मी तिला सांगितलं तेच तुम्हांला सांगतो. २० मार्च २०२० रोजी रोमहून एक आदेश निघाला. कोरोनात मरणाच्या दारात असलेल्या ज्या भाविकांपर्यंत फादर पोचू शकत नाहीत, त्यांना ख्रिस्तसभा पूर्ण दंडमुक्ती देते. दंडमुक्ती म्हणजे, पापाची क्षमा झाल्यावरही जी शुद्धी उरते तिच्यातून सुटका. एरवी तिच्यासाठी प्रायश्चित्त संस्कार, ख्रिस्तप्रसाद आणि पोपमहोदयांच्या हेतूसाठी प्रार्थना लागते. इथे या तीन अटींची उणीव ख्रिस्तसभा स्वतः भरून काढते. ही सवलत नवी नाही, ती आधीपासूनच आहे. त्या दिवसांत फक्त पुन्हा मोठ्याने सांगितली गेली. मागणी दोनच: मन देवाकडे वळलेलं असावं, आणि माणसाने हयातीत काही प्रार्थना म्हटलेल्या असाव्यात.

काही प्रार्थना. रोज तेर्स नव्हे, नऊ दिवसांची नोव्हेना नव्हे. आता तुमच्याच पत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचा, नाक्यावरच्या क्रुसाचं. तुम्ही ते तक्रारीच्या सुरात लिहिलंत. सहा वर्षं, पहाटेच्या अंधारात, बाजार गाठायची घाई असताना एक माणूस टेम्पो थांबवतो, विकायच्या मालातलं एक फूल काढून क्रुसाखाली ठेवतो आणि ओठ हलवतो. तिथे त्याला कोणी पाहत नव्हतं. मला तर वाटतं, आमच्या देवळातल्या पुढच्या बाकांवर बसणाऱ्या कित्येकांपेक्षा ती प्रार्थना खरी असेल.

त्यांनी देवळात यायचं थांबवलं हे चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. रविवारची मिस्सा सोडणं आणि भावाविषयी मनात कडवटपणा धरणं या साध्या गोष्टी नाहीत. पण त्या शेवटच्या नऊ दिवसांत त्या मनात काय झालं हे तुम्हांला ठाऊक नाही, मलाही नाही. देवावरच्या प्रेमापोटी झालेला मनापासूनचा पश्चात्ताप, संधी मिळताच प्रायश्चित्त संस्कार घेईन या निश्चयासह, मोठ्या पापाचीही क्षमा मिळवून देतो, ही आपलीच शिकवण आहे. त्याला एक श्वास पुरतो. ‘बावखल’ या शब्दाचा अर्थ मी लावणार नाही, तुम्हीही रात्री जागून लावू नका. मिस्सेच्या चौथ्या महाप्रार्थनेत आम्ही वेदीवर अशा मृतांचीही आठवण करतो ज्यांचा विश्वास फक्त देवालाच ठाऊक आहे. ते वाक्य म्हणताना आता मला नाक्यावरचा तो टेम्पो आठवेल.

पवित्र शास्त्रातही हीच माणसं आहेत. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढा. लढाईत पडलेल्या सैनिकांना पुरायला गेले तर त्यांच्या अंगरख्यांखाली परक्या मूर्तींचे ताईत सापडले. धर्माने मनाई केलेली वस्तू अंगावर घेऊनच ती माणसं मेली होती. यहूदा मक्काबीने त्यांना टाकून दिलं नाही. त्याने चांदीचे २००० द्राख्मा गोळा केले आणि त्यांच्या पापांसाठी अर्पण करायला यरुशलेमला पाठवले. मृतांसाठीच्या आपल्या प्रार्थनेला हा आधार आहे. ती निर्दोष माणसांसाठी सुरू झालीच नव्हती.

मग ४१ मिस्सा पुरल्या का? एकही वाया गेलेली नाही, पण तो हप्ता नाही की अमुक भरले की खातं बंद. आपल्या आज्यांच्या प्रार्थनापुस्तकांत प्रार्थनेखाली ‘३०० दिवस’ असं छापलेलं असे. लोकांना वाटे शुद्धिस्थानातले ३०० दिवस कमी झाले. तसा त्याचा अर्थ कधीच नव्हता. तो सुरुवातीच्या काळातल्या जाहीर प्रायश्चित्ताचा मापदंड होता. तरी गैरसमज काही जाईना, म्हणून पोप पॉल सहावे यांनी १९६७ मध्ये ते दिवसांचे आकडेच काढून टाकले.

सलग ३० मिस्सांची प्रथा खरी आहे, जुनी आहे आणि चांगली आहे. ती पोप संत ग्रेगरींपासून आली. त्यांच्या मठात युस्तुस नावाचा संन्यासी आजारी पडला. त्याने मठाच्या नियमाविरुद्ध तीन सोन्याची नाणी लपवली होती. ग्रेगरींनी कडक शिक्षा केली: मरताना कोणी जवळ जायचं नाही, आणि पुरायचं तेही उकिरड्यात, नाण्यांसकट. तो पश्चात्ताप करत मेला. तीस दिवस उलटले आणि ग्रेगरींना त्याची दया येऊ लागली. त्यांनी रोज एक अशा तीस दिवस मिस्सा अर्पण करायला सांगितल्या, आणि मग तो आपल्या भावाला दिसला व आता मी बरा आहे म्हणाला. लोक यातला तीसचा आकडा लक्षात ठेवतात. मला त्यात दिसतो तो एकटा मेलेला माणूस, आणि ज्याने त्याला एकटं ठेवलं त्याच्या मनाला लागलेली टोचणी. तुम्ही तर तुमच्या माणसाला एकटं ठेवलंही नव्हतं. दार दुसऱ्यांनी बंद केलं होतं. ते पाणी तुम्ही नाकारलं नाहीत, तुम्हांला ते देऊ दिलं गेलं नाही, आणि मला वाटतं स्वप्नात तेच परत परत येतं. ते स्वप्न शुद्धिस्थानाची बातमी नव्हे. पुन्हा आलं की उठून त्यांच्या नावाने एक ‘आमच्या बापा’ म्हणा, स्वतः पेलाभर पाणी प्या आणि झोपा. महिनाभराने झोप सुधारली नाही तर डॉक्टरांकडे जा. त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नसतं.

दहनाने काहीही अडलेलं नाही. ख्रिस्तसभेने दहनावरची बंदी १९६३ मध्येच उठवली. अस्थी पवित्र जागी ठेवाव्यात असं ती सांगते, आणि ते तुम्ही केलं आहे. संत मोनिकेने आफ्रिकेत नवऱ्याशेजारी स्वतःची कबर ठरवून ठेवली होती. ३८७ साली परतीच्या वाटेवर इटलीतल्या ओस्तियाला ती आजारी पडली. एवढ्या लांब देह ठेवायची भीती नाही का वाटत, असं कोणी विचारलं तर म्हणाली, देवापासून काहीच लांब नाही. शेवटच्या दिवशी मला कुठून उठवायचं हे त्याला कळणार नाही अशी भीती मला नाही. मुलांना एवढंच म्हणाली की देह कुठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. ऑगस्टिन तिचाच मुलगा. आई संतपदाची, तरी तो पुढे कितीतरी वर्षं तिच्या पापांसाठी प्रार्थना करत राहिला. म्हणून तुम्ही प्रार्थना थांबवा असं मी मुळीच म्हणत नाही. वही थांबवा.

आता एक अवघड गोष्ट. मृतांसाठी मिस्सेबरोबर दानधर्म आणि प्रायश्चित्ताची कृत्यंही अर्पण करता येतात. तुमच्या यजमानांच्या हातून एक काम राहून गेलं आणि ते आता फक्त तुम्हीच करू शकता. दिरांकडे जा. बावखल सोडून द्या असं मी सांगत नाही. ते बुजवू नये हे यजमानांचं म्हणणं मला तर अगदी पटतं. बावखलं बुजली तशा आपल्या विहिरी खाऱ्या झाल्या, हे वसईत कोणाला सांगायला नको. कोर्टातलं कोर्टात चालू द्या. पण तो माणूस आपल्या धाकट्या भावाच्या कबरीपाशी न येता रस्त्यापलीकडे उभा राहिला. घरी निघून गेला नव्हता. त्यांना विचारा, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत मेणबत्ती लावायला येता का. नाही म्हणाले तर तुमची खेप देवाने पाहिली आहे. हो म्हणाले तर चाफ्याचं फूल त्यांच्या हातात द्या. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केली की, नेहमीच्या अटी पाळून, त्यांच्यासाठी पूर्ण दंडमुक्ती मिळते हे तुम्हांला माहीत असेलच. प्रायश्चित्त संस्कार आधी घ्या, आणि त्यात दिरांविषयीचं मनातलं सगळं बोला.

२ नोव्हेंबरला प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करता येतात. पहिल्या महायुद्धात माणसं हजारोंनी मरत होती तेव्हा, १९१५ मध्ये, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ही परवानगी जगभर दिली. एक सर्व मृतांसाठी, एक पोपमहोदयांच्या हेतूसाठी, आणि एक धर्मगुरूला हव्या त्या हेतूसाठी. ती हव्या त्या हेतूची मिस्सा मी यंदा तुमच्या यजमानांसाठी आणि त्या तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणासाठी अर्पण करणार आहे. पैसे पाठवू नका. मात्र तुमच्या चार पानी पत्रात सगळीकडे ‘आमचे हे’ आहे, त्यांचं नाव एकदाही नाही. वेदीवर मला ते लागेल. अंक हाती पडला की दोन ओळींचं कार्ड टाका आणि नाव कळवा.